चालून दाखव

आमच्या हायस्कुलात शारीरिक शिक्षणाच्या बाईकडे पालक एकाच कामाला येतात. मुलीला संघात घ्या म्हणायला नाही, मुलीला मैदानातून सूट द्या म्हणायला. इतक्या वर्षांत मी या सुटींचे प्रकार पाडून ठेवले आहेत, कारण प्रकार पाडल्याशिवाय मला काम सुचत नाही. दमा, हृदय, सिकलसेल, नुकतं झालेलं ऑपरेशन ही खरी सूट. तिच्याबद्दल वाद नाही. आईची सूट म्हणजे ऊन. वडिलांची सूट म्हणजे दहावी. आणि घराण्याची सूट म्हणजे लग्न. ते ठरलेलं नसतं, पण ठरू शकतं.

बाहेरच्यांसाठी नियम सांगते. विषय सक्तीचा आहे. ज्याला झेपत नाही त्याने डॉक्टरांचा दाखला आणायचा, मुख्याध्यापकांनी सही करायची, झाली सूट. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच. फक्त मुलाच्या दाखल्यावर ‘अशक्तपणा’ हा आजार मी आजवर वाचलेला नाही आणि मुलींच्या दाखल्यांवर दुसरा आजार फार क्वचित वाचला आहे.

सूट मिळालेल्या मुली मैदानाच्या कडेला एका कडुनिंबाखाली बसतात. शाळेत त्याला सुटीचा निंब म्हणतात. मी चोपडा तालुक्यातल्या या शाळेत रुजू झाले तेव्हा मैदानापेक्षा निंबाखालीच जास्त मुली होत्या. मुलींचा संघ स्पर्धेला न्यायचा तर सोबत शिक्षिका लागते. माझ्याआधी या विषयाला बाई नव्हती, म्हणून संघ नव्हता. आणि संघच नाही, तर बाई कशाला, असं ते वर्षानुवर्षं चाललं होतं. शाळा सुटल्यावर मैदान मुलांचं. मुलींना तास मिळायचा तो दुपारचा, डांबर वितळतं त्या वेळचा. मग आया उन्हाची तक्रार घेऊन येत आणि त्यांचं काही चूक नसे. “मॅडम, पोर काळी पडी गई ते कोन करी तिले?” असं एका माउलीने मला अगदी काळजीने विचारलं होतं. मी स्वतः रंगाने चांगलीच सावळी आहे. मी म्हटलं, मलाही बायको केलं कुणीतरी. ती ओशाळली, पण सूट घेऊनच गेली.

मुलांच्या सरांकडे मी मैदानाची वाटणी मागितली, एक दिवस तुमचा, एक दिवस आमचा. ते म्हणाले, मुली संध्याकाळी थांबणारच नाहीत, मैदान ओस पडेल. मी म्हटलं, ओस पडू द्या, पण आमच्या नावाने पडू द्या. मुख्याध्यापकांना सगळी शाळा नाना म्हणायची. नाना सज्जन, भांडणाला भिणारे. त्यांनी दोघांनाही हो म्हटलं, आणि जो आधी चुना घेऊन पोचेल त्याचं मैदान, असं काही महिने झालं. मी चुन्याची पिशवी घरी नेऊन ठेवायला लागले.

कपड्यांचा प्रश्न बाजारपेठेतल्या एका शेठजींनी सोडवला. त्यांचं कापडाचं दुकान. मुलगी खो-खोत आली म्हणून तक्रार घेऊन आले: आमची मुलगी अर्ध्या चड्डीत पेठेसमोर पळणार नाही. मी म्हटलं, बरोबर, मग काय घालून पळेल ते तुम्हीच सांगा, कापडातलं मला कळत नाही. शेठजी विचारात पडले आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या संघासाठी पायघोळ निळ्या पँटी शिवून पाठवल्या. तो निळा रंग एखाद्या पतपेढीच्या पडद्यासारखा होता. तालुक्यात आम्हाला निळ्या पायांच्या म्हणायला लागले. त्यांच्या मुलीने दोन महिन्यांत खेळ सोडला. शेठजींनी सामने बघणं सोडलं नाही.

हे सगळं मी हसून सांगू शकते. रोहिणीचं मात्र मला हसून सांगता येत नाही, आणि लिहायला बसले ते खरं तर तिच्याचसाठी.

रोहिणी आठवीत आमच्याकडे आली, जवळच्या खेड्यातून, एसटीने. तिला सूट होती, आईची. निंबाखाली बसून ती खेळणाऱ्या मुलींना ओरडून सांगायची, “डावीकडं खोटं वळ, डावीकडं!” मी तिला दोनदा गप्प केलं. तिसऱ्या वेळी जिला ती सांगत होती तिने ऐकलं आणि ती सुटली. मग मीच गप्प झाले आणि म्हटलं, ये, तू करून दाखव.

ज्यांनी खो-खो पाहिला नाही त्यांच्यासाठी: दोन खांब, मध्ये ओळीने बसलेल्या मुली, आणि त्यांच्यामधून पळणारी एक, जिला पकडायचं. सगळा खेळ वळण्याचा आहे. सरळ तर कुणीही पळतं. पळता पळता खांबाला हात लावून अंग फेकायचं आणि उलट्या दिशेला निघायचं, हे वर्षभर घासून येतं. रोहिणीला ते आधीपासून येत असल्यासारखंच होतं. तिच्या वळण्यात थांबणं नव्हतं.

तिचे वडील दगाभाऊ केळीवाले, बऱ्यापैकी बागाईत, गावात शब्दाला मान. सूट मागे घ्यायला ते स्वतः आले. मुलीने हट्ट धरला होता. हात जोडून म्हणाले, “खेळू द्या मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण हातपाय धडधाकट परत पाठवा. पोरगी शे.”

याचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना कळतो, तरी सांगते. मुलगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा नाव विचारतात, स्वयंपाक विचारतात, आणि मग कुणीतरी वडीलधारी बाई म्हणते, पोरी, जरा चालून दाखव. मुलीने दारापासून खुर्चीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पाय बघायचा असतो. मलाही चालायला लावलं होतं. मी सवयीने इतक्या झपाट्याने चालले की सासरे नंतर म्हणाले, ही पोरगी आपल्याला चालून दाखवत होती की एसटी पकडायला निघाली होती? तेवढ्यावर माझं निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही.

दोन वर्षं रोहिणी खेळली. आम्ही तालुका जिंकलो. ती नववीत असताना जिल्ह्याला गेलो, जळगावजवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर. मुलांचे सामने आखलेल्या, पाणी मारलेल्या मैदानावर होते. मुलींना पलीकडची जागा दिली होती, जिथून पाण्याचा टँकर ये-जा करायचा. ओल्या काळ्या मातीत चाकांनी पडलेले चर वाळून विटेसारखे कडक झाले होते. मी संयोजकांकडे गेले. मुलांचा एक सामना संपला की तिथे हलवू, म्हणाले. मग म्हणाले, वेळापत्रक पुढे ढकललं तर मुलींना घरी पोचायला उशीर होईल, तुम्हालाच त्रास. मुलींच्या काळजीने मुलींना नेहमी कडेची जागा मिळते. आम्ही चरांत माती भरली, पायांनी दाबली. जेवढं हाताला आलं तेवढं केलं.

सामना आम्ही जिंकत होतो. रोहिणी खांबाशी आली, हात लावला, अंग फेकलं. पाऊल चरात राहिलं आणि ती वळली. आवाज आला. ओली काटकी मोडावी तसा. ती ओरडली नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत राहिली, जणू चूक तिची होती.

जळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं. पण त्यांनी गुडघा हातात धरून पुढे-मागे हलवून पाहिला आणि म्हणाले, आतलं लिगामेंट तुटलेलं दिसतं, मोठी तपासणी करा, नाशिकला दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, वय लहान आहे, पहिल्यासारखी होईल. दगाभाऊ तोवर गाडी करून आले होते. त्यांनी त्यातलं एकच ऐकलं. “हाड मोडनं नही ना? बस.” मुलीला उचलून गाडीत ठेवलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पंधरवड्याने सुटीचा दाखला आला. दोन महिन्यांचा नाही, दहावीपर्यंतचा. आजार: अशक्तपणा.

मी दाखला घेऊन नानांकडे गेले. म्हटलं, हिला सूट हवीच आहे, पण गुडघ्यासाठी. अशक्तपणा लिहून कुठलं ऑपरेशन होणार? नाना चष्मा पुसत बसले. म्हणाले, डॉक्टरांची सही आहे, वडिलांची सही आहे, नियमाप्रमाणे मी नाही म्हणू शकत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. नियमात मुलीची सही कुठेच नाही.

मग मी खेड्यात गेले. दगाभाऊंनी खाट टाकली, चहा झाला. लिगामेंट म्हणजे काय ते मी नीट समजावलं. सूज उतरेल, दुखणं थांबेल, सरळ चालताना काही कळणारही नाही, पण वळताना गुडघा दगा देईल, आणि असाच ठेवला तर तिशीच्या आत जिना चढणं जड होईल. सोबत मी येते, म्हटलं, शाळेतून रजा टाकते. आणि भूषणचं उदाहरण दिलं.

भूषण आमच्या मुलांच्या कबड्डी संघाचा कप्तान. आदल्याच वर्षी त्याचा हाच गुडघा, हेच लिगामेंट. त्याला नाशिकला नेलं, ऑपरेशन झालं. अर्धा गाव केळी-सफरचंदं घेऊन बघायला गेला. तो कुबडीवर शाळेत आला तेव्हा त्याचं दप्तर धरायला पोरांची भांडणं होत. त्याच्या सुटीच्या दाखल्यावर ‘गुडघ्याची शस्त्रक्रिया’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं, आणि तो ते सगळ्यांना वाचायला देई. वर्षाने तो परत खेळला. आज पोलिसात आहे.

दगाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, नाशिकला न्यायला माझी ना नाही, पण आठ दिवस दवाखान्यात ठेवलं की सगळी भाऊबंदकी बघायला येणार. कुणाकुणाला काय सांगू? आणि पुढे सावकाश, मला नीट कळावं म्हणून, पुस्तकी मराठीत बोलले:

“मॅडम, पोराचा पाय मोडला तर पायच मोडतो. पोरीचा मोडला तर पोरगी मोडते. मी दोन पोरींचा बाप आहे.”

ते दुष्ट असते तर मी भांडले असते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सुमनताई, रोहिणीची आई, दाराआड उभी होती. ती मला ओट्याच्या पायरीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, मी तिला रोज तेल लावते, उतरेल हळूहळू.

रोहिणी भिंतीला धरून फाटकापर्यंत आली. माझ्याजवळ मुद्द्यांची फळी तयार होती: बालहक्क, शिक्षणाधिकारी, हवं तर वर्तमानपत्र. तिने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. “मॅडम, कोणाला सांगू नका,” ती म्हणाली. “मागे सोनी शे. माझं नाव पडलं तर तिचंही पडेल.” सोनी तिची धाकटी बहीण, चौथीत. मी म्हटलं, आणि तुझं काय? तर म्हणाली, “माझं झालं ना खेळून.”

तिचं वय तेव्हा पंधरा.

दहावीचं वर्ष ती निंबाखाली बसली. ओरडून कुणाला काही सांगायची नाही. मी तिला मांडीचे, पोटरीचे व्यायाम दिले, जे पुस्तकात आहेत ते सगळे. स्नायू घट्ट झाले तर गुडघा थोडा तरी धरून राहतो. ती ते घरी दार लावून करायची.

हिवाळ्यात एकदा मैदान रिकामं झाल्यावर मी चुन्याची पिशवी आवरत होते. पाहिलं तर रोहिणी खो-खोच्या पाटीत, आखलेल्या पट्ट्यात, उभी. या खांबापासून त्या खांबापर्यंत मधोमध जी सरळ रेघ असते, तिच्यावरून ती चालत होती. सावकाश, एकेक पाऊल ठेवत. त्या खांबाशी पोचली, थांबली, अंग सगळंच्या सगळं वळवलं, पाय न मुरडता, आणि परत आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली,

“मॅडम, दिसतं का?”

दिसत होतं. डावा पाय टाकताना ती भार चुकवायची आणि उजवा खांदा खाली जायचा.

मी काय करायला हवं होतं, याची उत्तरं मला माझ्या तीन-चार मैत्रिणींनी दिली आहेत आणि ती सगळी बरोबर आहेत. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, खांदा पडतो. पुन्हा चाल.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही हे केलं. ज्या डोळ्यांनी मी तिला वळायला शिकवलं, त्याच डोळ्यांनी न लंगडता चालायला शिकवलं. पावलं लहान ठेव. घाई दिसली की खांदा पडतो, म्हणून घाईच नको. पाहुण्यांसमोर साडीत वळायचं असलं तर आधी थांब, पदर सारखा कर, मग वळ. पदरासाठी थांबलीस असं वाटेल. हे शेवटचं तिनेच शोधलं. मला तेव्हाही वाटलं होतं की डोकं तेच आहे, डावीकडं खोटं वळ सांगणारं. ती चांगली विद्यार्थिनी होती. दहावी होईपर्यंत मलासुद्धा शोधून बघावं लागायचं.

बारावीनंतर तिचं लग्न धुळ्याला झालं. पाहुण्यांनी चालून दाखव म्हटलं, तिने दाखवलं, पसंत पडली. सुमनताई पेढे घेऊन शाळेत आली तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. सोनी रोहिणीच्या दहावीच्या वर्षीच पाचवीत आमच्याकडे आली होती, ती सूट घेऊनच. आजार: अशक्तपणा. ती दहावीपर्यंत एक दिवसही मैदानात उतरली नाही. मी तिला कधी पळताना पाहिलंच नाही, म्हणून ती काय करू शकली असती हे मला सांगता येणार नाही.

बदल झाले आहेत, तेही नोंदवते, नाहीतर मी फक्त रडगाणं लिहिलं असं होईल. दाखल्यावर नुसता अशक्तपणा लिहिलेला असला तर आता नवे मुख्याध्यापक तो मुलीसमोर बसून वाचतात आणि तिला विचारतात. मैदानाची वाटणी ठरलेली आहे. चुना शाळेतच राहतो. स्पर्धेला गेलं की मी आधी मैदानावर अनवाणी चालून येते, आणि चर असला तर संघ उतरवत नाही. दोनदा त्यामुळे आम्ही बाद झालो आहोत. पालक चिडले. चिडू देत.

यंदा उन्हाळ्यात एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला धुळ्याला गेले होते. रोहिणीचं घर जवळच आहे असं कळलं आणि मी गेले. तिची सासू मोठी बोलकी, मोकळी बाई. माझी ओळख रोहिणीच्या शाळेतल्या मॅडम एवढीच झाली. कुठला विषय ते रोहिणीने सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रोहिणी पाण्याचा तांब्या घेऊन आतून आली. लहान पावलं, घाई नाही. तांब्या ठेवला, थांबली, पदर सारखा केला, वळली आणि आत गेली.

सासू कौतुकाने तिच्याकडे बघत होती. मला म्हणाली, “आमनी सून देखी का, मॅडम? चालस ते जमीनले बी समजत नही. आजकालन्या पोरी कश्या धडधड चालतस.” आणि मग विचारलं, शाळेपासूनच अशी शांत होती का? मी चहाचा कप तोंडाला लावला आणि मान हलवली.

तेवढ्यात रोहिणीचा मुलगा, तीनेक वर्षांचा, दारातून बाहेर सुटला. गल्लीतून रिक्षा येत होती. रोहिणी दाराजवळच होती. तिचं अंग पुढे झेपावलं, मी ते पाहिलं, आणि तिने चौकट धरून ते जागच्या जागी थांबवलं. “आत्याबाई, धरा त्याला,” ती म्हणाली. सासू चपला न घालता धावली, पोराला उचलून धापा टाकत परत आली आणि हसत म्हणाली, “पळनं मनं काम. आमनी सून काय पळी!” सगळे हसले. रोहिणीही हसली.

मी निघाले तेव्हा ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. सासू आत नातवाला दटावत होती. आम्ही मैदानाबद्दल बोललो नाही. तिने निंब अजून आहे का एवढं विचारलं. मी आहे म्हटलं. मग ती फाटकापासून पायरीपर्यंत चालत गेली, थांबली, पदर सारखा केला, वळली, आणि परत माझ्यापर्यंत आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

“मॅडम, दिसतं का?”

गुडघा आता आतून झिजला असणार. डाव्या पायावरचा भार ती पुन्हा चुकवायला लागली होती.

“खांदा,” मी म्हटलं.

तिने खांदा वर घेतला आणि आत गेली.